शिळेवरची लक्ष्मी

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पाटावर जी तसबीर मांडतात तिच्यातली लक्ष्मी कशी दिसते, हे कुणाला सांगावं लागत नाही. कमळावर उभी, चार हात, वरच्या दोन हातांत कमळं, अंगावर काठपदराची साडी, शेजारी सोंडेत माळ धरलेला हत्ती, मागे पाणी आणि झाडी. देवीचं हे रूप पूर्वापार असंच चालत आलं आहे, अशी आपली समजूत असते. गजलक्ष्मी जुनीच आहे, लेण्यांतून आणि नाण्यांवरूनही दिसते. पण हा चेहरा, हे नेसणं, हे तळं आणि मागचं धूसर आभाळ हे सगळं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मुंबईतल्या एका छापखान्यात ठरलं. ते कसं ठरलं, कुणी ठरवलं आणि त्यात कुणाचे हात पोळले, त्याची ही हकीकत.

छापील चित्रं येण्यापूर्वी साध्या माणसाच्या घरात देवाचं चित्र सहसा नसे. देव्हाऱ्यात टाक असत, पितळेच्या मूर्ती असत, बाणलिंग-शाळिग्राम असत. चित्रं होती ती सरदारांच्या वाड्यांत, देवळांच्या भिंतींवर, पोथ्यांच्या पानांत, किंवा चित्रकथ्यांच्या झोळीत. रंगीत चित्र हातानेच काढावं लागे, आणि हाताने काढलेली वस्तू स्वस्त कशी होणार? हे गणित बदललं ते एका चुनखडीच्या दगडाने.

बव्हेरियातल्या आलोईस झेनेफेल्डर नावाच्या नाटककाराला आपली नाटकं स्वस्तात छापायची होती. १७९८ च्या सुमारास त्याने शोधून काढलं की, झोल्नहोफेनच्या खाणीतल्या घट्ट चुनखडीवर तेलकट खडूने काढलेलं चित्र छापता येतं आणि त्यासाठी काही कोरावं लागत नाही. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्यावर सगळी विद्या उभी आहे. चित्र काढून झालं की शिळेवर डिंकाच्या पाण्यात थोडं नायट्रिक आम्ल घालून फिरवायचं. त्यामुळे तेलकट रेघा दगडात पक्क्या बसतात आणि उरलेली जागा पाणी धरून ठेवू लागते. मग शिळा ओली करायची आणि तेलकट शाईचा रूळ तिच्यावरून फिरवायचा. ओल्या जागी शाई चिकटत नाही, रेघांवर चिकटते. कागद ठेवून दाब दिला की चित्र उतरतं. मराठीत या छपाईला शिळाछाप म्हणू लागले. खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक अक्षराचा खिळा ओतावा लागे. इथे लेखनिकाचं हस्ताक्षरच छापता येत होतं. पोथ्या, पंचांगं, जोडाक्षरांनी गजबजलेली देवनागरी यांना ही सोय मोठी होती. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढलं, तेव्हा या तंत्राने मराठी घरात पाऊल टाकलं.

रंगीत चित्र ही मात्र पुढची पायरी होती आणि ती फार चढणीची होती. एक शिळा एकच रंग छापते. दहा रंग हवे असतील तर दहा शिळा, आणि कागद त्या दहाही शिळांवरून एकेकदा जायला हवा. फ्रान्समधल्या मुलहाउसच्या एंगेलमानने १८३७ साली या रंगीत शिळाछापाचं पेटंट घेतलं. इंग्रजीतला क्रोमोलिथोग्राफ तो हाच. त्यावर रोगण चढवून, कॅनव्हासच्या विणीसारखा दाब देऊन तैलचित्राचा आभास आणला की त्याला ओलिओग्राफ म्हणत. आपल्याकडे बाजारात दोन्ही नावं सरसकट वापरली गेली.

मराठी मुलखात या धंद्याची सुरुवात राजकारणातून झाली, हे विसरलं जातं. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा काढली. ‘निबंधमाले’ने शास्त्रीबोवांचं नाव तेव्हा गाजत होतं, न्यू इंग्लिश स्कूल आणि ‘केसरी’ अजून व्हायचे होते. इंग्रजी शिकलेल्या पिढीच्या मनातून आपला इतिहास आणि आपली दैवतं उतरत चालली आहेत, ही त्यांची जुनी तक्रार. निबंध वाचणारे थोडे आणि चित्र पाहणारे पुष्कळ, हे त्यांना कळत होतं. चित्रशाळेने रामपंचायतन छापलं तसे नाना फडणवीसही छापले. म्हणजे देव आणि पेशवाईचे कारभारी एकाच दुकानात, एकाच कागदावर, शेजारी शेजारी. याच वर्षी कलकत्त्यात अन्नदाप्रसाद बागची आणि त्यांच्या शिष्यांनी कलकत्ता आर्ट स्टुडिओ सुरू केला. दोन शहरांना एकाच वर्षी हे सुचावं यात योगायोगाचा भाग थोडा असेल. युरोपातून आलेल्या छापील चित्रांनी बाजार तयार झाला होता आणि कलाशाळांतून बाहेर पडलेल्या तरुणांना काम हवं होतं.

विष्णुशास्त्री १८८२ साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. चित्रशाळा पुढे वासुकाका जोश्यांनी चालवली आणि ती टिळकांच्या वर्तुळातली एक संस्था होऊन राहिली. सुरुवातीची चित्रशाळेची चित्रं आज पाहिली तर बेतास बात वाटतात. माणसं ताठ, चेहरे सपाट, रंग भडक. कौतुक त्यांच्या देखणेपणाचं करता येत नाही. पुण्यात, पुण्याच्या माणसांनी, पुण्याच्या गिऱ्हाइकासाठी ती छापली हे त्यांचं महत्त्व. देखणेपण यायला त्रावणकोरच्या एका चित्रकाराची गाठ पडावी लागली.

राजा रविवर्मा १८४८ साली किळिमानूरला जन्मले. राजघराण्यांच्या तसबिरी काढून त्यांनी नाव मिळवलं होतं. १८८४ साली त्यांना सर टी. माधवराव यांचं पत्र आलं. माधवराव तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण. त्यांचं म्हणणं साधं होतं: मागणी एवढी आहे की दोन हात पुरणार नाहीत, तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ काढून घ्या, तुमचंही नाव होईल आणि देशाचीही सेवा घडेल. रविवर्म्यांनी लगेच काही केलं नाही. दरम्यान सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याच्या राजवाड्यासाठी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांवर चौदा चित्रं त्यांच्याकडून काढून घेतली. ती बडोद्याला जाण्यापूर्वी मुंबईत लोकांना दाखवली गेली तेव्हा झुंबड उडाली. चित्र परवडणारा एक महाराज आणि ते पाहायला आलेली सारी मुंबई, हा हिशेब रविवर्म्यांच्या आणि त्यांचे धाकटे बंधू राजा राजवर्मा यांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. राजवर्मा स्वतः चांगले निसर्गचित्रकार. थोरल्या भावाच्या चित्रांतले मागचे डोंगर-पाणी पुष्कळदा त्यांचं असे.

चित्रं युरोपात पाठवण्याऐवजी दोघा भावांनी युरोपातला छापखानाच इकडे आणला. गोवर्धनदास खटाव मखनजी हे मुंबईचे व्यापारी भागीदार झाले, यंत्रं जर्मनीहून आली आणि त्यांच्याबरोबर जर्मन कारागीरही आले. फ्रिट्झ श्लायशर हा त्यांतलाच एक. पुढे त्याचं नाव पुन्हा येईल. १२ जुलै १८९४ ला पहिलं चित्र बाहेर पडलं: शकुंतलेचा जन्म. मेनका मूल पुढे करते आहे आणि विश्वामित्र हात आडवा करून तोंड फिरवतो आहे. ऐन पावसाळ्यात रंगीत शिळाछाप काढणं हे धाडसच म्हणायचं. कागद दमट हवेत फुगतो, आणि एका रंगानंतर दुसरा रंग छापेपर्यंत तो केसभर जरी वाढला तरी ओठांचा रंग ओठांबाहेर जातो.

हे काम चालायचं कसं, ते जरा जवळून पाहू. मूळ तैलचित्र समोर ठेवून क्रोमो-कारागीर आधी ठरवायचा की यात किती रंग आहेत. त्वचेसाठीच तीन-चार लागत. मग मुख्य रेखाटनाची एक शिळा तयार होई. तिचा छाप घेऊन त्यावर गेरूसारखी भुकटी टाकत आणि तो दर शिळेवर उमटवून घेत. ही भुकटी छापली जात नाही, फक्त कुठे काय येणार ते दाखवते. त्यानंतर पिवळ्याच्या शिळेवर जिथे जिथे पिवळा लागेल तिथे, गुलाबीच्या शिळेवर जिथे गुलाबी लागेल तिथे, असे लेखणीने काळे तेलकट ठिपके द्यायचे. शिळेवर सगळं काळंच दिसतं. अंतिम चित्र फक्त त्या कारागिराच्या डोक्यात असतं. शिवाय ते उलटं काढायचं, कारण कागदावर डावं-उजवं बदलतं. देवीचा आशीर्वादाचा उजवा हात शिळेवर डावा म्हणून काढायचा आणि तळाचं देवनागरी नाव आरशात वाचता येईल असं लिहायचं. एका चित्राच्या सगळ्या शिळा पुऱ्या व्हायला महिने लागत. छपाईला बहुधा फिकट रंग आधी, गडद नंतर. प्रत्येक शिळेवर कडेला फुल्यांच्या खुणा असत आणि त्या जुळवून कागद ठेवला जाई.

आता त्या काळातली एखादी लक्ष्मी हाती घेऊन तिच्या गालावर भिंग धरा. गाल विरघळून जातो. फिकट पिवळसर तळ, त्यावर गुलाबी ठिपके, हनुवटीखाली तपकिरी, कानाजवळ चक्क निळसर करडे. ठिपके एका मापाचे नाहीत, एका ओळीत नाहीत. गालाच्या उभारावर विरळ आहेत, जबड्याकडे वळताना दाटत जातात, आणि नाकपुडीच्या कडेला कुणाचा तरी हात थोडा घाईत चालला असावा असे लांबुळके झाले आहेत. हल्लीच्या ऑफसेट छपाईतले ठिपके जाळीत बसवल्यासारखे शिस्तीत असतात. ते कॅमेऱ्याने आणि यंत्राने पाडलेले. हे हाताने दिलेले. काठापाशी लाल रंग साडीच्या रेघेपलीकडे किंचित सरकलेला दिसला, तर कागद एकदा चुकीचा बसला होता असं समजायचं. अशी चूक असलेली प्रतही विकली जाई. भाविकाला भिंगाची गरज नव्हती.

म्हणूनच मला वाटतं, या चित्रांना नुसतं ‘रविवर्म्याचं चित्र’ म्हणणं अपुरं आहे. कल्पना, मांडणी, चेहऱ्याचा साचा रविवर्म्यांचा, यात शंका नाही. पण गालावरची छटा किती उतरती ठेवायची, डोळ्यांत चमक किती सोडायची, हे शिळेपाशी बसलेल्या माणसाने ठरवलं आणि ते लाखो घरांत पोचलं. त्या माणसांची नावं समासात कुठेही नाहीत.

समासात जे आहे तेही वाचण्यासारखं आहे. जुन्या प्रतींवर छापखान्याचं नाव आणि पत्ता असतो, आणि छापखान्याने पुढे जागा बदलल्यामुळे पत्त्यावरून चित्राचा काळ साधारण ओळखता येतो. घाटकोपर असेल तर आधीचं, कार्ले-लोणावळे किंवा मळवली असेल तर नंतरचं. बऱ्याच प्रतींवर ‘अनंत शिवाजी देसाई, मोती बाजार, मुंबई’ असंही असतं. हे देसाई म्हणजे टोपीवाले, ही चित्रं विकणारे व्यापारी. मालवणचं अ. शि. दे. टोपीवाला हायस्कूल त्यांच्याच नावाचं आहे. त्यांच्या मोती बाजारातल्या दुकानातून लक्ष्मी, सरस्वती, दत्त, शकुंतला, हंस-दमयंती सगळीकडे गेल्या.

चित्रं खपत होती, तरी छापखाना तोट्यात होता. हे कोडं वाटेल, पण त्यात अवघड काही नाही. चांगल्या कागदावर, पुष्कळ रंगांत, जर्मन पगारांवर काढलेलं चित्र स्वस्त विकावं लागत होतं, कारण त्याची नक्कल करणारे टपलेलेच होते. नकलाकाराला मूळ चित्र काढायचं नव्हतं. तो विकत घेतलेल्या प्रतीवरून दोन-चार रंगांत काम उरकायचा. मग सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला. मुंबई रिकामी होऊ लागली, तसे छापखान्याचे कामगारही गावी पळाले. यंत्रं उभी, कर्जाचं व्याज मात्र धावतं. भागीदारी मोडली आणि सगळा बोजा दोघा भावांवर आला. राजवर्मा डायरी लिहीत. प्लेगच्या सावटाखालची मुंबई आणि छापखान्याची डोकेदुखी या दोन्हींच्या नोंदी तिच्यात आहेत.

शतक संपता संपता छापखाना मळवलीला हलला. पुणे-मुंबई लोहमार्गावर, लोणावळ्याच्या पुढचं हे छोटं स्टेशन, कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी. हवा चांगली, जागा स्वस्त, प्लेगपासून लांब, आणि माल थेट मुंबईला जाणार. कागद फुगण्याचा प्रश्न तेवढा तिथेही पाठ सोडणारा नव्हता; घाटमाथ्याच्या आषाढाला कोण काय करणार. पण जागा बदलल्याने कर्ज फिटत नाही. १९०१ च्या आसपास (नेमकं साल अभ्यासकांना भांडायला सोडू) दोघा भावांनी छापखाना श्लायशरला विकला, पंचवीस हजार रुपयांना, एकोणनव्वद चित्रांच्या हक्कांसह. बडोद्याच्या चौदा चित्रांसाठी गायकवाडांनी पन्नास हजार दिले होते, हे लक्षात ठेवलं की या सौद्याची किंमत कळते. राजवर्मा १९०५ च्या जानेवारीत वारले, रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ ला.

खरा धंदा यानंतर चालला. श्लायशर चित्रकार नव्हता, कारखानदार होता. त्याने रविवर्म्यांची चित्रं चालू ठेवली आणि इतरांकडून नवी काढून घेतली. त्याने पोस्टकार्डं छापली, लेबलं छापली, व्यापाऱ्यांची कॅलेंडरं छापली. कमी शिळांत भागेल तिथे कमी शिळांत भागवलं. आधीच्या आणि नंतरच्या प्रती शेजारी ठेवल्या तर फरक लगेच कळतो: आभाळ सपाट होतं, त्वचेतला करडा रंग जातो, कडा ठळक होतात. जाणकार नाकं मुरडतात, पण याच सपाट झालेल्या प्रती खेड्यापाड्यांत पोचल्या. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात जाऊ दिलं जात नव्हतं, त्यांच्या घरातही आता समोरासमोर, डोळ्याला डोळा देणारा देव आला. मधे पुजारी नव्हता. बायकांनी या चित्रांना जर, टिकल्या, खऱ्या कापडाची लुगडी चिकटवून नटवलं. अशा नटवलेल्या तसबिरी जुन्या घरांतून अजून सापडतात.

सरकारचंही लक्ष या कागदांकडे गेलंच. शिवाजी महाराज, टिळक, गोमाता अशी चित्रं निघत होती. १९१२ च्या सुमारास मळवलीहून निघालेल्या एका प्रसिद्ध चित्रात गायीच्या अंगभर चौऱ्याऐंशी देवता बसवल्या आहेत. वरवर भाविक चित्र, पण गोरक्षणाच्या चळवळीत ते जिथे जाई तिथे त्याचा अर्थ वेगळा होई, आणि त्याची झळ मुसलमान शेजाऱ्यांना लागे. स्वदेशीच्या गौरवासाठी निघालेला हा छाप दुफळीच्याही कामी आला, हे लपवण्यात अर्थ नाही. १९१० च्या मुद्रणविषयक कायद्यात ‘दस्तऐवज’ या शब्दाच्या व्याख्येतच चित्र, रेखाटन आणि फोटो यांचा समावेश केला गेला. चिपळूणकरांनी बत्तीस वर्षांपूर्वी जे ओळखलं होतं ते सरकारने आता कायद्यात लिहिलं, एवढाच फरक.

त्याच सुमारास लोणावळ्याला आणखी एक माणूस या धंद्यात हात काळे करत होता. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके जे. जे. आणि बडोद्याचं कलाभवन करून आले होते. रविवर्मा प्रेससाठी त्यांनी फोटोवरून शिळेवर चित्र उतरवण्याचं काम केलं, मग स्वतःचा छापखाना काढला आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला गेले. भागीदारांशी बिनसलं आणि त्यांनी धंदा सोडला. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट त्यांचा. हे देव हलताना दाखवायचे कसे, हा प्रश्न फाळक्यांच्या मनात आला, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. ते न हलणारे कसे छापतात हे त्यांना आतून ठाऊक होतं.

कलासमीक्षकांनी मात्र रविवर्म्यांना झोडपून काढलं. आनंद कुमारस्वामी आणि भगिनी निवेदिता यांना या चित्रांत नाटकीपणा आणि युरोपची उष्टी नजर दिसली. त्यांचं अगदीच चुकलं असं म्हणवत नाही: मेनकेच्या चित्रातला विश्वामित्र आज रंगमंचावरचा नटच वाटतो. पण ते बोलत होते तैलचित्रांबद्दल आणि अभिरुचीबद्दल. छापाचा पसारा तोवर त्यांच्या हाताबाहेर गेला होता. पुढे दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि कॅलेंडरं रंगवली तेव्हा त्यांच्यापुढे अजिंठा होतं, तशी मळवलीचीही चित्रं होतीच. फोटोवरून ब्लॉक करणं सोपं झालं, मग ऑफसेट आलं, कॅलेंडरांचा धंदा तामिळनाडूत शिवकाशीकडे गेला आणि शिळेवर ठिपके देणारा हात निकामी झाला.

मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत सापडला आणि पुष्कळ काही जळालं. पण शिळाछापाच्या कुठल्याही कारखान्यात दगड महाग आणि चित्र स्वस्त, असाच हिशेब असे. मागणी ओसरली की दोन शिळा तोंडाशी तोंड लावून, मधे वाळू आणि पाणी घालून घोटायच्या आणि त्यांच्यावर पुढचं चित्र काढायचं. त्यामुळे आग लागली तेव्हा १८९० च्या दशकातल्या मूळ शिळा तिथे फारशा उरल्या नसाव्यात. त्या काळच्या कामाचा आज पुरावा आहे तो मुख्यतः कागदाचा: संग्रहालयांत, संग्राहकांकडे आणि चोरबाजारातल्या फुटक्या काचांच्या चौकटींत, जिथे विकणारा भाव चौकटीच्या लाकडाचा सांगतो.